लिनन डायलवर डाग पडलेत, हात लावू द्यावा का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मोठ्या काकांचं रोलेक्स डेटजस्ट गेल्या महिन्यात माझ्याकडे आलं. काका 1970च्या दशकात कुवेतला होते, तिथेच घेतलेलं. बिल नाही, डबा नाही. पट्टा काढल्यावर 12च्या बाजूला 1601 कोरलेलं दिसलं, तेव्हा मॉडेल कळलं. काकूने ते साडीच्या घडीत जपलं होतं, पण रत्नागिरीची हवा घडीत शिरायची थोडीच राहते!

डायल रुपेरी आहे, त्यावर मांजरपाटासारखी उभी-आडवी वीण, म्हणून 'लिनन'. (लहानपणापासून मी ती धूळ समजत होतो.) चार आणि पाचच्या मध्ये मोहरीएवढे तीन तपकिरी डाग आहेत. घड्याळवाला म्हणाला, "आठ दिवसांत डायल कोरं करकरीत करून देतो." तिथेच पोटात गोळा आला. मुंबईत अशी रंगवलेली जुनी घड्याळं पुष्कळ पाहिलीत, अक्षरं फुगलेली असतात. इथे तर रंगाखाली वीणच बुजेल.

तळाला बारीक 'टी स्विस टी' आहे, म्हणजे आपण ज्याला 'रेडियम' म्हणतो तो अंधारात चमकणारा लेप ट्रिटियमचा. अंधारात अजिबात चमकत नाही, ते ठीकच. ट्रिटियमची ताकद सुमारे 12 वर्षांत निम्मी होते. पण मिनिटकाट्यावरचं रेडियम पांढरंफेक आणि बाकीचं लोण्याच्या रंगाचं, हे कसं? शिवाय हे डायल आधीच कुणी रंगवलेलं नाही ना, ते कसं ओळखायचं? मशीनची सर्व्हिसिंग तर करायचीच आहे.

प्रतिसाद: डायल रंगवू नका. थोडे डाग चालतात, बुजलेली वीण परत येत नाही. टॉर्च आडवी धरून भिंगातून बघा: वीण सगळीकडे सारखी खोल हवी, अक्षरांच्या कडा तुटक नकोत. सर्व्हिसिंगला देताना 'डायल-काटे बदलायचे नाहीत, केसला पॉलिश नको' असं लिहून घ्या. वॉशर मात्र नवे टाका, दमट हवा तिथूनच शिरते.

धागाकर्ता: आभार. टॉर्च मारून पाहिलं, 'रोलेक्स' अगदी रेखीव आहे, वीण डागांखालीही दिसते. काट्याचं काकूला विचारलं. म्हणाली, "अरे, बेसिनवर आपटलं होतं ना एकदा, तेव्हा दादरला नवा काटा बसवला." चाळीस वर्षांत हे कुणालाच बोलली नव्हती.