लोगो छापलेले पेनड्राइव्ह भेट म्हणून देताना काय तपासावे?

प्रश्न

नमस्कार. आमच्या संस्थेच्या परिषदेत येणाऱ्या पाहुण्यांना देण्यासाठी संस्थेचा लोगो असलेले काही शे पेनड्राइव्ह घ्यायचे आहेत आणि परिषदेतील निबंधांची पीडीएफ त्यांत आधीच भरून द्यायची आहे. आलेल्या कोटेशनांपैकी एकात ६४ जीबीचे पेनड्राइव्ह इतरांच्या ८ जीबीच्या दरात देऊ केले आहेत. कार्यकारिणीचा कल साहजिकच तिकडे आहे, मला मात्र हे पटत नाही. या कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. पेनड्राइव्हच्या किमतीचा मोठा भाग आतल्या मेमरी चिपचा असतो, त्यामुळे आठपट क्षमता त्याच दरात मिळत असेल तर ती बहुधा केवळ कागदावरच असते. अशा मालात कंट्रोलरचे (चिप सांभाळणाऱ्या आतल्या छोट्या भागाचे) फर्मवेअर, म्हणजे त्यात कायम भरलेली आज्ञावली, बदललेले असते. संगणकाला ते ६४ जीबी सांगते, प्रत्यक्षात चिप ४ किंवा ८ जीबीचीच असते. वाईट गोष्ट अशी की सुरुवातीला काहीच बिघडलेले दिसत नाही. खरी मर्यादा ओलांडल्यावरही फाइल कॉपी होते आणि यादीत तिचे नाव व आकार दोन्ही बरोबर दिसतात, पण उघडायला गेले की ती उघडत नाही, कारण तिचा मजकूर कुठेच लिहिला गेलेला नसतो किंवा आधीच्या फाइलवर लिहिला गेलेला असतो. संस्थेचा लोगो असलेल्या वस्तूत एखाद्याचे फोटो असे गेले, तर तो दोष पुरवठादाराला नव्हे, आपल्याला देईल.

यावर उपाय सोपा आहे. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही मोफत साधने पेनड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि लिहिलेले सर्व परत वाचून पडताळतात. नमुन्यावर ही चाचणी कराच. पण नमुना चांगला आणि माल भलताच असे होऊ शकते, म्हणून माल आल्यावर निरनिराळ्या खोक्यांतून काही नग काढून तीच चाचणी पुन्हा करावी आणि ही अट खरेदी आदेशात लिहून घ्यावी. निबंधांसाठी खरे ८ जीबी पुरेसे आहेत.

प्रतिसाद २

छपाईविषयी थोडे. प्लॅस्टिकच्या आवरणावर पॅड किंवा स्क्रीन प्रिंटिंग होते आणि एक-दोन सपाट रंगांच्या लोगोला ते चांगले दिसते. रंग एकमेकांत मिसळत जाणारा लोगो असेल तर यूव्ही डिजिटल छपाई लागते. धातूवर लेझरने कोरलेली अक्षरे घासून जात नाहीत, मात्र त्यात लोगोचे रंग येत नाहीत. छापायची जागा बोटाच्या पेराएवढी असते, हे कार्यकारिणीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर लोगोखाली घोषवाक्य, पत्ता आणि परिषदेचे नाव असे सगळे कोंबण्याचा आग्रह होतो आणि बारीक जोडाक्षरे शाईने भरून जातात. लोगो व्हेक्टर स्वरूपात (कितीही लहान-मोठा केला तरी रेषा स्पष्ट राहणाऱ्या फाइलमध्ये) द्यावा. संकेतस्थळावरून उतरवलेले चित्र चालत नाही. सुटे टोपण असलेला प्रकार टाळावा, टोपण लगेच हरवते.

प्रतिसाद ३

मूळ कल्पनेलाच माझा थोडा विरोध आहे. अनेक कार्यालयांत बाहेरचे पेनड्राइव्ह लावण्यास बंदी असते, आणि ती उगाच नाही: त्यांतून व्हायरस संगणकात शिरू शकतो आणि लोक अनोळखी पेनड्राइव्हही बिनधास्त लावतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या परिसरात संशोधकांनी २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. त्यांपैकी किमान ४५ टक्के पेनड्राइव्ह लोकांनी उचलून संगणकाला लावले आणि त्यांतील फाइल उघडून पाहिल्या. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. शिवाय बऱ्याच नव्या लॅपटॉपना फक्त सी प्रकारचे पोर्ट असते, त्यामुळे घ्यायचेच असतील तर एका टोकाला नेहमीचा आणि दुसऱ्या टोकाला सी प्रकारचा जोड असलेले घ्यावेत. निबंधांचा दुवा आणि क्यूआर कोड छापलेले कार्ड सोबत दिल्यास कोणाचेच अडणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. कार्डाची सूचना बैठकीत मांडतो. दुसऱ्या एका पुरवठादाराचा ८ जीबीचा नमुना आला आहे, पण विंडोजमध्ये त्याची क्षमता ७.४ जीबीच दिसते. हीसुद्धा फसवणूकच का? आणि भरलेली पीडीएफ कोणी पुसू नये अशी सोय होते का?

प्रतिसाद १

नाही, ही फसवणूक नव्हे. उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्या हिशेबाने ८ जीबीचे सुमारे ७.४५ होतात. चाचणी मात्र तरीही करावी.

पीडीएफसाठी काही कंट्रोलरवर पुसता न येणारा वेगळा विभाग करता येतो आणि उरलेली जागा नेहमीसारखी वापरता येते. हे काम कारखान्यातच होते, म्हणून मागणी नोंदवतानाच सांगावे लागते आणि फाइलही अंतिम करूनच द्यावी लागते, कारण नंतर शुद्धलेखनाची एक चूकसुद्धा दुरुस्त करता येणार नाही. पेनड्राइव्ह लावताच पीडीएफ आपोआप उघडावी अशी अपेक्षा ठेवू नये. विंडोज ७ पासून ती सोय सुरक्षिततेसाठी बंद आहे. त्यामुळे फाइलचे नाव तरी असे द्यावे की ती कशाची आहे हे न उघडताच कळेल.