सोसायटी ग्रुप: सर्कलला आधी कोण?

*सेक्रेटरी:* सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या कोपऱ्यावर नवीन सर्कल झाल्यापासून रोज तिथं कुणाची ना कुणाची हमरीतुमरी चालू असते, काल संध्याकाळी एक स्कूटी आणि एक रिक्षा घासली, सुदैवाने कुणाला लागलं नाही पण दोघं अर्धा तास रस्त्यातच भांडत होते. आज गुड मॉर्निंगचे फोटो नकोत, यावर बोला.

*ए-१०१ काका:* चूक रिक्षावाल्याची. स्कूटी सरळ चालली होती. सरळ जाणाऱ्याला वाट द्यायची हे शेंबडं पोर पण सांगेल.

*सी-२०१:* काका सर्कलला सरळ असं काय नसतंय की ओ. गोल आला म्हणजे सगळेच वळणारे.

*ए-१०१ काका:* बरं मग आधी कोण जाणार? मोठी गाडी आधी. विषय संपला.

*डी-१०२ एसटीवाले मामा:* काका मी जन्मभर एसटी चालवली, मोठी गाडी आधी असा नियम कुठंच नाही. भरलेली गाडी पटकन थांबत नाही म्हणून लोक भिऊन बाजूला होतात ते वेगळं. नियम एवढाच की उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, १९८९ च्या रोड रेग्युलेशनमध्ये हे लिहिलेलं होतं, २०१७ ला त्याच्या जागी नवीन आले त्यात पण आहे. आपण डाव्या बाजूने चालवतो म्हणून सर्कलला घड्याळाच्या काट्यासारखं फिरतो, म्हणजे गोलात जो आधीपासून फिरायलाय तो तुमच्या उजव्या हातालाच येणार. त्याला जाऊ द्या, गॅप दिसली की घुसा. एकदा आत गेलात की मग पुढच्या रस्त्यावरच्यासाठी तुम्ही उजवीकडचे, आता त्याने थांबायचं.

*ए-३०२ वहिनी:* मामा तुम्ही म्हणता ते बरोबर पण थांबलं की मागचा हॉर्न वाजवून वाजवून जीव खातो त्याचं काय करायचं

*डी-१०२ एसटीवाले मामा:* खाऊ दे. हॉर्नने डेंट पडत नाही.

*सी-२०१:* 😂😂

*बी-३०१ ताई:* मामा बरोबर सांगतायत. मी इंग्लंडला होते तेव्हा तिथं लायसन्सच्या टेस्टला याच्यावरच लोक नापास व्हायचे. तिकडे पण पूर्वी हाच घोळ होता, नक्की कोण आधी हे ठरलेलंच नव्हतं त्यामुळे बाहेरचे आत घुसत राहायचे, गोल गच्च भरायचा, मग आतल्याला बाहेर पडता येईना आणि सगळं जाम. १९६६ मध्ये त्यांनी नियम केला की आत असलेला आधी, घुसणाऱ्याने थांबायचं, आणि तेच सर्कल त्याच जागेत वाहायला लागले. म्हणजे गोल आधी रिकामा होत राहिला पाहिजे हे मुख्य. त्यामुळे अजून एक सांगते, आत गेल्यावर उगाच मोठेपणा दाखवून मध्येच ब्रेक मारून "या या तुम्ही या" करायचं नाही. मागच्याला ते अपेक्षितच नसतं, तो येऊन ठोकतो.

*ए-१०१ काका:* सगळीकडे असंच आहे कशावरून

*बी-३०१ ताई:* नाही सगळीकडे नाही. पॅरिसला ती मोठी कमान आहे ना आर्क द ट्रायम्फ, तिथं बारा रस्ते येऊन मिळतात आणि तिथं घुसणाऱ्याला आधी जाऊ देतात, आतला थांबतो. बघायला मजा येते, चालवायला नाही.

*सी-२०१:* बारा?? आपल्याला आपल्या सात रस्ता चौकात आलं तरी घाम फुटतो

*ए-३०२ वहिनी:* मला इंडिकेटरचं सांगा कुणीतरी. मी शाळेकडे जाताना सर्कलच्या समोरचा रस्ता धरते म्हणजे सरळच, तर आत शिरताना उजवा लावू का, कारण वळते तर उजवीकडेच ना आधी?

*बी-३०१ ताई:* नाही वहिनी, सरळ जायचं तर शिरताना कुठलाच लावू नका. डावीकडचा पहिलाच रस्ता घ्यायचा असेल तर आधीपासून डावा आणि तो बाहेर पडेपर्यंत तसाच. उजवीकडे जायचं किंवा पूर्ण फिरून यू टर्न घ्यायचा तर शिरताना उजवा. आणि हे सगळ्यांसाठी, ज्या रस्त्याने बाहेर पडायचंय त्याच्या आधीचा रस्ता मागे पडला की डावा लावायचा म्हणजे आता मी बाहेर पडणार. तो शेवटचा डावा इंडिकेटर लोक लावतच नाहीत आणि खरा उपयोग त्याचाच, बाहेर थांबलेल्याला कळतं की हा येत नाहीये आता आपण शिरू.

*ए-३०२ वहिनी:* आणि रस्ता चुकला तर

*बी-३०१ ताई:* अजून एक चक्कर मारा. पेट्रोल जाईल दोन थेंब. एकदम करकचून डावीकडे कापू नका.

*सी-२०१:* आमच्या सिव्हिलच्या सरांनी हे फळ्यावर काढून दाखवलेलं. साध्या चार रस्त्याच्या चौकात गाड्या एकमेकीला भिडू शकतील अशा ३२ जागा निघतात, एक लेनच्या सर्कलला फक्त ८. आणि समोरासमोरची धडक, काटकोनात बसणारी धडक हे दोन्ही प्रकार जवळपास जातातच, राहतं ते घासणं. पण हे सगळं कधी, तर सगळे एकाच दिशेने फिरले तर. एक जरी उलटा आला की परत तेच.

*सेक्रेटरी:* हाच मुद्दा. डेअरीकडून येणारे काही लोक गोलाला वळसा नको म्हणून उजवीकडून उलटेच शिरतात. नाव घेत नाही.

*ए-१०१ काका:* माझ्याबद्दल बोलताय ते कळतंय. अहो डेअरी ते आपलं गेट इतकंसं अंतर, त्यासाठी एवढा मोठा वळसा? पिशवीतलं दूध नासायचं.

*डी-१०२ एसटीवाले मामा:* काका राग मानू नका पण जरा समोरच्याच्या सीटवर बसून बघा. तो सर्कलला आलाय, त्याची मान उजवीकडं कारण गाडी तिकडूनच येणार हे त्याला माहितीये. गॅप दिसली, त्याने क्लच सोडला, आणि तुम्ही त्याच्या डावीकडनं दूध घेऊन उगवलात. त्याने तिकडं बघितलेलंच नसतंय. डोळे चांगले असून दिसणार नाही तुम्ही त्याला. आणि आता रहदारीच्या उलट चालवणं हे कायद्यात धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, कलम १८४, पहिल्या खेपेलाच हजाराच्या पुढे दंड.

*ए-१०१ काका:* 🙏

*सेक्रेटरी:* सर्कलला सिग्नल पण असेल तर? रंगभवन वगैरे बाजूला जाताना गोंधळ होतो.

*डी-१०२ एसटीवाले मामा:* सिग्नल चालू असेल तर सिग्नलचं ऐकायचं, पोलीस उभा असेल तर पोलिसाचं, सिग्नल बंद पडला किंवा नुसता पिवळा लुकलुकायला लागला की परत आपला उजवीकडचा नियम.

*ए-३०२ वहिनी:* आणि ते मधे काहीच नसतं, नुसतं पांढऱ्या रंगाने गोल मारलेला असतो, किंवा दोन ड्रम ठेवलेले असतात ते?

*बी-३०१ ताई:* रंगाचा गोल म्हणजे छोटा सर्कलच, नियम तोच, त्याच्यावरून सरळ गाडी न्यायची नाही, फिरूनच जायचं. मोठ्या गाडीला जागा पुरत नाही म्हणून तिला वरून जाऊ देतात पण अॅक्टिवाला ती सवलत नाही 😄 ड्रमवाल्यांचं मात्र सांगता येत नाही, कुठे ठेवलेत त्यावर आहे, तिथं स्पीड मारूनच टाकायचा आणि सगळीकडे बघायचं. दोन लेनचा मोठा सर्कल असेल तर शिरायच्या आधीच लेन ठरवा. डावीकडे जायचं असेल तर बाहेरची लेन, उजवीकडे किंवा यू टर्नला आतली, सरळवाल्यांनी शक्यतो बाहेरचीच. आत गेल्यावर लेन बदलत बसायचं नाही. आतल्या लेनमधून एकदम तिरकं बाहेर काढणारे जे असतात ना, निम्मी घासाघाशी त्यांचीच.

*सी-२०१:* कारवाल्यांना एक सांगायचंय, मी बाइकवर असतो म्हणून. काचेच्या बाजूचा जो उभा खांब असतो ना त्याच्या मागे अख्खी बाइक लपते. गोलात बाइक फिरत येते आणि तुम्ही पण हळूहळू पुढे सरकत असता, त्यामुळे ती त्या खांबाच्या मागेच राहते शेवटपर्यंत. नुसती मान वळवून भागत नाही, जरा पुढे वाकून बघा. दोनदा वाचलोय बे.

*ए-३०२ वहिनी:* हे खरंय, मला पण हे कळलंच नव्हतं कधी

*डी-१०२ एसटीवाले मामा:* आता ऊस सुरू होईल, त्याचं सांगतो, हे लक्षात ठेवा बाकी विसरलात तरी चालेल. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टर गोलाच्या बाहेरच्या कडेने चाललाय असं दिसतंय म्हणून पोरं आतल्या बाजूने, म्हणजे गोलाचा कठडा आणि ट्रॉली यांच्या मधनं बाइक घालतात. पण मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागनं बरोबर जात नाहीत, आत कापतात, पहिल्या ट्रॉलीपेक्षा दुसरी अजून आत येते. जागा होती तिथं बघता बघता जागा राहत नाही. एका बाजूला कठडा, एका बाजूला चाक. आणि गोलातनं बाहेर पडताना तो डावीकडं वळतो तेव्हा तेच सगळं डाव्या बाजूला, फुटपाथकडं. म्हणजे दोन्ही बाजू वाईट. मागेच राहायचं. वर ट्रॉलीला बऱ्याचदा ब्रेक लाइट नसतो, ऊस दोन्ही बाजूला हातभर बाहेर आलेला, ड्रायव्हरला आरशात मागचं काही दिसत नाही, त्यात टेप फुल आवाजात, तुमचा हॉर्न त्याला ऐकू जाणार नाही. एसटीचं पण तेच, फक्त एसटी एकच गाडी असते आणि आम्हाला आरसा असतो. तरी आमच्या डाव्या बाजूला दाराच्या खाली स्कूटी उभी राहिली की ती आम्हाला दिसत नाही, ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला आरशात दिसला नाही तर तुम्ही त्याला दिसत नाही असं धरून चाला.

*ए-३०२ वहिनी:* बाप रे. मी आजच आमच्या चिरंजीवांना वाचायला लावते.

*सेक्रेटरी:* अॅम्ब्युलन्स आली तर?

*बी-३०१ ताई:* बाहेर असाल तर शिरू नका, तिला जाऊ द्या. आत असाल तर आतच थांबू नका, गोलच बंद होईल, पटकन बाहेर पडा आणि मग बाजूला घ्या. वाट न देण्याला आता १०,००० रुपये दंड आहे.

*सी-२०१:* ते सगळं ठीक ए पण आपल्या सर्कलला उजवीकडचं दिसायला तर पाहिजे. मधला भाग मुद्दाम उंच ठेवतात, झाडं लावतात, समोरचा रस्ता दिसला नाही की माणूस स्पीड कमी करतो, ते बरोबरच आहे. पण आपण शिरतो तिथं उजव्या हाताला जो वाढदिवसाचा बॅनर लावलाय त्याने येणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. भला मोठा फोटो आणि खाली पन्नास शुभेच्छुक.

*ए-३०२ वहिनी:* हो तो बॅनर काढाच. कालची स्कूटी पण त्याच्यामुळेच असणार, रिक्षा आत होती आणि ती मुलगी बॅनरच्या मागनं आली.

*डी-१०२ एसटीवाले मामा:* मग चूक स्कूटीची धरायची. रिक्षा आत फिरत होती. पण बॅनरची पण धरा.

*सेक्रेटरी:* उद्या झोन ऑफिसला अर्ज देतो, सगळ्यांनी ऑफिसमध्ये येऊन सह्या करा, फोटो कुणाकडे असेल तर टाका.

*सी-२०१:* 📷 हा घ्या

*ए-१०१ काका:* सेक्रेटरी साहेब अर्ज सोमवारी द्या ना. वाढदिवस शनिवारचा आहे.

*सेक्रेटरी:* तुम्हाला कसं माहीत?

*ए-१०१ काका:* भाचा आहे माझा.

*सेक्रेटरी:* काका भाचा असू दे नाहीतर कुणी, उद्याच देणार.

*ए-१०१ काका:* द्या की. फोटो झूम करून बघा आधी, शुभेच्छुकांमध्ये खालून दुसऱ्या ओळीत तुमचं पण नाव आहे.