शब्दचर्चा : 'पॅलडिन'ला मराठीत काय म्हणावं?

वीसबाजू :
डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्र घेऊन खेळायच्या खेळाची मराठी पात्रपत्रिका करतोय. फायटर (लढवय्या), रॉग (चोर), विझर्ड (जादूगार) हे वर्ग उरकले, पॅलडिनपाशी, म्हणजे शपथ घेतलेल्या चिलखती योद्ध्यापाशी गाडी अडली. 'धर्मवीर' लिहू का? त्याच्या ओथ (शपथ), स्माइट (जादूचा जादा फटका), ले ऑन हँड्स (हात लावून बरं करणं) आणि ऑरा (भोवतीचं संरक्षण) यांनाही शब्द हवेत. सगळं एका ए-फोर कागदावर बसवायचंय, तेव्हा हातभर लांबीचे संस्कृत जोडशब्द नकोत.

पार्लेपूर्व :
'धर्मवीर' नकोच. मुंबईत तो शब्द मोकळा नाही. ती संभाजी महाराजांची उपाधी आहे, किनारी रस्त्याच्या अधिकृत नावातसुद्धा आहे. आणि ठाण्यात म्हटलात की समोर आनंद दिघेच उभे राहणार. 'धारकरी'चंही आता तसंच झालंय.

दुसरी अडचण नियमांची. १९७८च्या नियमांत पॅलडिन फक्त माणूस, फक्त लॉफुल गुड (नियम पाळणारा सज्जन) आणि चॅरिझ्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप) किमान १७ (तीन फासे टाकले तर २१६ पैकी ४ वेळा पडेल एवढं). तेव्हा धर्माचा शब्द खपला असता. पण २०१४च्या आवृत्तीपासून हा वर्ग शपथेवर उभा आहे; देव असला तर असला. देवाचं काम बघायला क्लेरिक वेगळा आहेच. नावात 'धर्म' घातला की खेळाडू प्रवचन झोडायला लागतो आणि रॉगने कुलुपाला हात लावला रे लावला की भांडण. मूळ शब्दात तरी धर्म कुठाय? लॅटिन 'पालातिनुस', म्हणजे राजवाड्यातला. पुढे शार्लमेनचे बारा सरदार.

कवडी :
मग ओथला 'वसा' म्हणा. श्रावणातल्या कहाण्यांत तयार संवादच आहे: "वसा कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." त्यावर उत्तर: "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." तिसऱ्या लेव्हलला शपथ निवडायची असते, तिथे डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने विचारावं आणि खेळाडूने उत्तर द्यावं. दोन मिनिटांत काम होतं.

वशाची कलमं मात्र भाववाचक नामांत लिहू नका. २०१४च्या पुस्तकातल्या डिव्होशनच्या (भक्तीच्या) शपथेत प्रामाणिकपणा, धैर्य, करुणा, मान, कर्तव्य अशी पाच आहेत, पण 'प्रामाणिकपणा' एवढंच लिहिलं की वाद ठरलेला. पहारेकऱ्याने विचारलं, "गाडीत कोण आहे?" पॅलडिन गप्प राहिला. हे खोटं धरायचं का? 'खोटं बोलणार नाही. गप्प बसलं तर चालेल' असं क्रियापदासकट लिहा आणि पहिल्या खेळाआधी डीएमची त्यावर मान डोलवून घ्या. वसा मोडलाच तर २०१४च्या पुस्तकातला उपाय आपल्याला परका नाही: रात्रभर जागून प्रार्थना, नाहीतर उपास. 'प्रायश्चित्त' लिहा, पुढे समजावत बसू नका.

वीसबाजू :
वसा पक्का. मग वर्गाचं नाव 'व्रतस्थ'?

कवडी :
व्रतस्थ म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरे कपडे आणि ब्रह्मचर्य येतं, चिलखत नाही. माळकरी, वारकरी तसा 'वसेकरी' करा. शब्द नवा आहे, पण कळतो.

हत्तीघोडा :
'वसेकरी' कथेत, गावकऱ्यांच्या तोंडी छान. कागदाच्या डोक्यावर 'पॅलडिन'च ठेवा, नाहीतर नवा खेळाडू इंग्रजी पुस्तकात पान शोधत बसेल.

ले ऑन हँड्सला 'हातगुण'. डॉक्टरच्या हाताला गुण असतो तोच हा. बरं करायच्या पॉइंटांचा साठा लेव्हलच्या पाचपट, म्हणजे चौथ्या लेव्हलला २०, आणि तो लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) पुन्हा भरतो. विष उतरवायला ५ लागतात. लोक सगळा साठा एका जखमी गड्यावर ओततात, तिथेच फसतात. हिट पॉइंट शून्यावर जाऊन पडलेल्याला उठवायला १ पुरतो, म्हणून थोडे नेहमी गाठीशी ठेवायचे.

ऑराला 'तेजोवलय' लिहिलंत की "उजेड पडतो का?" हा प्रश्न येणारच. पडत नाही. 'छत्र' म्हणा. सहाव्या लेव्हलला १० फूट, म्हणजे पटावर दोन घरं. त्यात उभ्या असलेल्या मित्रांच्या सेव्हिंग थ्रोमध्ये (संकटातून वाचायला टाकलेल्या फाशात) पॅलडिनचा चॅरिझ्मा मॉडिफायर (चॅरिझ्मावरून ठरणारा आकडा) मिळवायचा. पॅलडिन बेशुद्ध पडला की छत्र मिटलं. नवखे जादूगार नेमके तिसऱ्या घरात उभे राहतात.

पार्लेपूर्व :
स्माइट राहिला. साध्या हल्ल्याला 'वार' म्हणत असाल तर याला 'तडाखा'. 'दैवी प्रहार' भारदस्त आहे, पण खेळाच्या गडबडीत कुणी म्हणणार नाही.

हत्तीघोडा :
तडाखा चालेल, क्रमही त्यातून कळतो. आधी वार लागू दे, मग तडाखा द्यायचा की नाही ते ठरव. पहिल्या पातळीचा स्लॉट (मंत्रांचा मोजका साठा असतो, त्यातला एक) मोडला तर २ आठबाजू फासे, वरच्या प्रत्येक पातळीला एक जास्त. समोर अनडेड (भूतप्रेत) किंवा फीन्ड (सैतानी जीव) असेल तर आणखी एक. वीसबाजू फाशावर २० पडले की तडाख्याचेही फासे दुप्पट, म्हणून जाणते खेळाडू स्लॉट त्या वेळेसाठी राखून ठेवतात.

फक्त आवृत्ती लिहायला विसरू नका. २०१४च्या नियमांत एका टर्नमध्ये दोन वार लागले तर दोन्हींवर तडाखा देता येतो. २०२४मध्ये तडाखा हा मंत्र झाला आणि त्याला बोनस अ‍ॅक्शन लागते; ती छोटी जादा कृती टर्नमध्ये एकदाच मिळते, म्हणजे तडाखाही टर्नला एकच. हातगुणही तिथे बोनस अ‍ॅक्शनवर आलाय, त्यामुळे दोन्ही एका टर्नमध्ये जमत नाहीत. पत्रिकेवर हे दोन रकाने शेजारी छापा आणि वर 'यांपैकी एक' असं लिहा.

वीसबाजू :
आमचा खेळ २०२४चाच. हातगुणाला आकड्याऐवजी चौकोन छापतो. खोडून खोडून कागद फाटतो.