डार्विनच्या खारफुटीतला तो लाल डोक्याचा पक्षी

वर फोटो टाकून विचारलंय की उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या खाडीकाठी दिसलेला हा पक्षी आपल्या शिंजीराचा (सनबर्डचा) भाऊबंद आहे का. बाकदार चोच पाहून तसं वाटणं साहजिक आहे, पण नातं नाही. हा रेड-हेडेड हनीईटर, शास्त्रीय नाव मिझोमेला एरिथ्रोसेफाला. शिंजीराचं कुळ वेगळं, याचं वेगळं. फुलातला मध प्यायचा म्हणून दोघांच्या चोची स्वतंत्रपणे बाकदार झाल्या. जीभ मात्र फरक सांगते: शिंजीराची नळीसारखी, याची टोकाला चिरत जाऊन कुंचल्यासारखी झालेली.

शिवाय ऑस्ट्रेलियात शिंजीर आहे तो क्वीन्सलँडच्या ईशान्य किनाऱ्याला, पोटाशी पिवळा. डार्विनकडे तो नाहीच.

नर जेमतेम १२ सेंटीमीटर. डोकं आणि मान झगझगीत लाल, कंबरेवरही तोच लाल, बाकी अंग गडद तपकिरी. फोटोत छातीवर लाल रंग जिथे एकदम तुटतो आणि तपकिरी सुरू होतो ना, ती कड नीट बघा, फार सुरेख आहे! मादी फिकट करडी-तपकिरी, कपाळाजवळ आणि हनुवटीखाली लालसर झाक, त्यामुळे ती सहज नजरेतून सुटते.

मुक्काम मुख्यतः खारफुटीत. उत्तर ऑस्ट्रेलियाचा किनारा आणि न्यू गिनीचा दक्षिण भाग हा याचा मुलूख. ब्रुगिएरा या खारफुटीच्या झाडाची फुलं याला फार प्रिय. तीच झाडं आपल्या कोकणातल्या खाड्यांतही आहेत. मधाच्या जोडीला किडे, कोळीही खातो. पुन्हा गेलात तर फुललेल्या झाडापाशी थांबा आणि मादीचाही फोटो नक्की टाका.