मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल पहिल्यांदाच अटक झाली आहे, मदत हवी आहे

नमस्कार. गेल्या आठवड्यात मद्यपान करून गाडी चालवत असताना पोलिसांनी मला अडवले, श्वासाची चाचणी केली, त्यानंतर रक्ताचा नमुना घेतला आणि मला अटक केली. सध्या मी जामिनावर आहे. कोणालाही इजा झाली नाही; तरीही चूक सर्वस्वी माझी आहे.

शेवटच्या पेल्यानंतर दोन तास थांबून, कॉफी पिऊन निघालो असल्यामुळे आपण शुद्धीत आहोत असे मला मनापासून वाटत होते. प्रत्यक्षात रक्तातील मद्याचे प्रमाण 100 मिलिलिटरमागे ताशी साधारण 15 मिलिग्रॅम एवढेच कमी होते आणि कॉफीने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने तो वेग वाढत नाही, हे मला फार उशिरा समजले.

रक्ततपासणीचा अहवाल हाती येण्यापूर्वीच पहिल्या तारखेला गुन्हा कबूल करावा, की वकिलामार्फत मुदत मागून अहवाल पाहावा? माझे काम गाडी चालवण्यावरच अवलंबून असल्याने परवाना निलंबित झाल्यास नोकरी धोक्यात येईल. अशा वेळी वरिष्ठांना आधीच सांगणे योग्य ठरते का? मद्यपानाबाबत समुपदेशन मी स्वतःहून सुरू केले आहे, आणि ते मला खरोखर हवे आहे, परंतु त्याची नोंद न्यायालयापुढे ठेवता येते का?

घरी अजून फक्त पत्नीला माहीत आहे. वृद्ध आईवडिलांना हे कसे सांगावे, याबद्दलही अनुभवी व्यक्तींनी कृपया लिहावे.