शब्दचर्चा : ‘पड़ोसियों के हुकूक’ला मराठीत काय म्हणावं?

कोंढव्यातल्या आमच्या सोसायटीत ईदला शिरखुर्म्याबरोबर द्यायचं एक मराठी पत्रक करतोय. इस्लामनं शेजाऱ्याशी कसं वागायला सांगितलंय, हा विषय. उर्दू मजकुराचं शीर्षक ‘पड़ोसियों के हुकूक’. ‘शेजाऱ्यांचे हक्क’ म्हटलं तर पार्किंगचा वाद वाटतो. ‘शेजारधर्म’ चालेल?

प्रतिसाद १

‘शेजारधर्म’ गोड शब्द आहे, पण इथे तो कमी पडतो. शेजारधर्म पाळला तर कौतुक, नाही पाळला तर फारसं काही बिघडत नाही. हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा, सूर तसा नाही. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही तो ईमानवाला नाही, हे पैगंबरांनी अल्लाहची शपथ घेऊन तीनदा सांगितलंय. देवदूत जिब्रील शेजाऱ्याबद्दल इतकं बजावत राहिले की शेजाऱ्याला वारसच करतील असं वाटलं, असंही पैगंबर म्हणाले. एवढं वजन नुसत्या चांगुलपणाला नसतं.

‘हुकूक’ हे ‘हक’चं अनेकवचन. आपण हक्क मागतो, उर्दूत ‘हक अदा करना’ म्हणतात. म्हणजे शेजाऱ्याचा हक मी फेडायचा, त्यानं मागो न मागो. मराठीत यासाठी चोख शब्द आहे : देणं. ‘समाजाचं देणं लागतो’ म्हणतो ना, तसं ‘शेजाऱ्याचं देणं’.

प्रतिसाद २

‘देणं’ला माझं मत. पण शेजारी कोण, हेही पत्रकात यायला हवं. कुरआनच्या चौथ्या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात (आयत 36) तिघं आहेत : नात्यातला शेजारी, परका शेजारी आणि ‘साहिब बिल-जंब’, म्हणजे बाजूचा सोबती. या तिसऱ्याचा अर्थ बरेच भाष्यकार प्रवासातला सोबती असा करतात. मराठीला इथे काहीच खटपट नाही. स्वारगेटच्या बसमध्ये आपल्या ‘शेजारी’ बसलेला माणूसही शेजारीच! आणि परका म्हणजे अन्यधर्मीयही. पैगंबरांचे सहकारी अब्दुल्लाह इब्न अम्र यांच्या घरी बकरी कापली, तेव्हा ‘आपल्या यहुदी शेजाऱ्याला दिलं का?’ हे त्यांनी आधी विचारलं. पत्रक सगळ्या मजल्यांवर जाणार असेल तर हा प्रसंग गाळू नका.

प्रतिसाद ३

कायद्यातला ‘शुफा’ही याच घरचा. हनफी फिक्हप्रमाणे, म्हणजे इस्लामी कायद्याच्या हनफी परंपरेप्रमाणे, लगतची मिळकत विकली जात असेल तर ती आधी घ्यायचा हक्क शेजाऱ्याला असतो. आपल्याकडे 1962 साली सर्वोच्च न्यायालयानं निव्वळ लगतपणावर आधारलेला हा हक्क घटनेत बसत नाही असं ठरवलं. पत्रकात नको, पण तिथे ‘हक्क’ हाच शब्द बरोबर.

धागाकर्ता

‘शेजाऱ्याचं देणं’ पक्कं. यहुदी शेजाऱ्याचा प्रसंग पहिल्याच पानावर घेतो. एक शब्द राहिला. अबू जर या आपल्या सहकाऱ्याला पैगंबरांनी सांगितलं होतं की ‘मरक’ शिजवाल तेव्हा पाणी वाढवा आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा. ‘मरक’ला कुणीतरी ‘सूप’ सुचवलंय. मी ‘रस्सा’ लिहितोय. पाणी वाढवून चार घरी वाटी पाठवायची तर आपल्याकडे रस्साच.