मदत हवी आहे: आम्लात कार्बाइड सील रिंगचा फेस (घासणारा सपाट पृष्ठभाग) मळकट होतोय. बाईंडर (कार्बाइडचे दाणे धरून ठेवणारा धातू) बदलू की त्याचं प्रमाण कमी करू?

सीलफेस:
पंपाच्या मेकॅनिकल सीलमधली (फिरत्या दांड्याभोवतीची गळती रोखणाऱ्या भागातली) रिंग टंगस्टन कार्बाइडची आहे, बाईंडर 6 टक्के कोबाल्ट. द्रव म्हणजे पातळ सायट्रिक आम्ल, पीएच 3.5 च्या आसपास, तापमान 60 अंश, सोबत थोडं क्लोराइड आणि बारीक वाळू. पाच-सहा आठवड्यांत आरशासारखा फेस राखाडी पडतो, आतल्या कडेचे टवके निघतात आणि गळती सुरू होते. वजनात मात्र घट जवळजवळ नाहीच. मग हा गंज नाही, नुसती झीज आहे असं धरायचं का?
तीन सल्ले मिळालेत: कोबाल्ट 3 टक्क्यांवर आणा, निकेल बाईंडर घ्या, किंवा निकेल-क्रोमियम घ्या. कडकपणा घसरला तर वाळू फेस खाईल ही भीती आहे. काय निवडावं? आणि आलेला माल तपासावा कसा?

सिंटर:
गंजच आहे. वजनावर जाऊ नका. समजा फेसचं क्षेत्रफळ 10 चौ. सेंमी आहे आणि 50 मायक्रॉन खोलीपर्यंत कोबाल्ट निघून गेला. तेवढ्या थराचं वजन साधारण 0.75 ग्रॅम, त्यातला कोबाल्ट 6 टक्के, म्हणजे 45 मिलिग्रॅम. शंभर ग्रॅमच्या रिंगमध्ये एवढी घट साध्या काट्यावर कळणार नाही. कार्बाइडच्या दाण्यांचा सांगाडा जागच्या जागी उभा राहतो, त्याला धरून ठेवणारा धातू मात्र गेलेला असतो. पुढे वाळूचा एक कण आला की दाणे सुटतात. टवके निघतात ते यामुळेच.

रिंग आडवी कापून, साच्यात बसवून, 1 मायक्रॉन हिऱ्याच्या पेस्टवर पॉलिश करा आणि 1000 पटींत कड बघा. दाण्यांच्या मधल्या जागा काळ्या, रिकाम्या दिसल्या तर शंका उरणार नाही.

कारण साधं आहे. आम्लात टंगस्टन कार्बाइड उदात्त धातूसारखं वागतं आणि कोबाल्ट त्याच्यापुढे ॲनोड, म्हणजे विरघळणारी बाजू, होतो. कॅथोडचं, म्हणजे कार्बाइडचं, क्षेत्र मोठं, ॲनोड म्हणजे दाण्यांमधल्या बारीक रेघा, त्यामुळे हल्ला खोल जातो. त्यात सायट्रेट कोबाल्टला विरघळलेल्या अवस्थेत बांधून ठेवतं. साधा कोबाल्ट बाईंडर पीएच 7 च्या खाली भरवशाचा नाही. 3.5 वर 60 अंशांना तो टिकेल अशी अपेक्षाच धरू नये.

गंजरोधक:
3 टक्क्यांचा सल्ला बाजूला ठेवा. 6 टक्के वजनाचा कोबाल्ट आकारमानाने 10 टक्के भरतो, 3 टक्के म्हणजे जेमतेम 5. वाटा अरुंद होतात, हल्ला मंदावतो, पण विरघळणारा धातू तोच राहतो. वर चिवटपणा कमी होतो आणि सिंटरिंगमध्ये (पावडर तापवून घट्ट करताना) छिद्रं राहण्याचा धोका वाढतो. तुमच्या कडांचे टवके आधीच निघतायत, तिथे हे नको.

नुसतं निकेल कोबाल्टपेक्षा बरं, पण या आम्लाला खरी ताकद क्रोमियमची लागते. ते बाईंडरमध्ये विरघळलेलं असेल तर पृष्ठभागावर निष्क्रिय थर (गंज अडवणारं पातळ ऑक्साइड) धरतं. साधा हिशेब: 6 टक्के निकेल, त्यात बाईंडरच्या वजनाच्या 10 टक्के क्रोमियम हवं तर एकूण 0.6 टक्के. क्रोमियम कार्बाइडमध्ये क्रोमियम सुमारे 87 टक्के असतं, म्हणून पावडरमध्ये ते कार्बाइड 0.7 टक्के घालावं लागेल. जास्त घातलं की विरघळत नाही, वेगळे क्रोमियम कार्बाइड बनून चिवटपणा खातं. क्लोराइड असल्यामुळे थोडं मॉलिब्डेनम असलेली ग्रेड मिळाली तर तीच घ्या. अशा मिश्र निकेल बाईंडरच्या ग्रेड पीएच 2 ते 3 पर्यंत चालतात.

कडकपणाची भीती रास्त आहे. तेवढ्याच प्रमाणात आणि तेवढ्याच दाण्यांवर निकेलची ग्रेड कोबाल्टपेक्षा मऊ पडते. दाणे थोडे बारीक मागा, फरक बराचसा भरून निघतो.

सिंटर:
यात कार्बनचा मुद्दा धरा, नाहीतर महाग ग्रेड घेऊनही निराशा होईल. कार्बन किंचित कमी असेल तर टंगस्टन बाईंडरमध्ये जास्त विरघळतं आणि गंज रोखायला मदतच होते. फारच कमी झाला तर ठिसूळ ईटा फेज (टंगस्टन, बाईंडरचा धातू आणि कार्बन यांचं संयुग) येतो. जास्त झाला तर मोकळा ग्राफाइट.
कोबाल्टच्या मालात हे चुंबकीय संपृक्ततेवरून (माल जास्तीत जास्त किती चुंबकीय होतो त्यावरून) कळतं. निकेल-क्रोमियमचा बाईंडर खोलीच्या तापमानाला जवळपास अचुंबकीय असल्यामुळे ती मोजणी उपयोगी नाही. मेटॅलोग्राफी (पॉलिश केलेल्या छेदाची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) मागा: आधी एचिंग, म्हणजे रसायनाची प्रक्रिया, न करता छिद्रं आणि ग्राफाइट, मग ताज्या मुराकामी द्रावात (एचिंगच्या रसायनात) काही सेकंद. ईटा लगेच रंगतो. याच अचुंबकीयपणाचा फायदा: रिंगला साधा चुंबक चिकटला तर तो निकेल-क्रोमियमचा माल नाही.

सीलफेस:
वजनाचा हिशेब डोक्यात बसला. एक राहिलं: दर आठवड्याला 2 टक्के कॉस्टिक सोडा 75 अंशांवर फिरवतो, नंतर हायपोक्लोराइटने (ब्लीचने) निर्जंतुक करतो. याचा संबंध आहे का?

गंजरोधक:
मोठा संबंध आहे. क्षारात (कॉस्टिकसारख्या अल्कलीत) खेळ उलटतो. कोबाल्ट आणि निकेल निष्क्रिय होतात, आणि टंगस्टन कार्बाइडच ऑक्सिडीकरण होऊन टंगस्टेटच्या रूपात विरघळतं. हायपोक्लोराइट तो वेग चांगलाच वाढवतं. हा हल्ला झाला असेल तर दाणे खचलेले आणि बाईंडर उंच राहिलेला दिसेल, आम्लाच्या अगदी उलट. म्हणून कापलेल्या रिंगचं चित्र आधी बघा. निकेल-क्रोमियम क्षारात दाण्यांना वाचवत नाही. हायपोक्लोराइटची तीव्रता आणि वेळ शक्य तितकी कमी ठेवा, ते गरम वापरू नका, आणि दोन धुण्यांच्या मध्ये भरपूर पाणी फिरवा. तरीही दाणे खचत राहिले तर सिंटर्ड सिलिकॉन कार्बाइडकडे वळा. रिॲक्शन बाँडेड नको, त्यातलं मोकळं सिलिकॉन कॉस्टिक खातं. आणि सिलिकॉन कार्बाइड धक्क्याला नाजूक असतं, बसवताना फटका लागू देऊ नका.

सिंटर:
ऑर्डर देण्याआधी चाचणी करा. प्रत्येक ग्रेडचा तुकडा वेगळ्या बीकरमध्ये ठेवा, एकात टाकले तर विरघळलेले आयन मिसळतात. प्रत्येक चौ. सेंमी पृष्ठभागाला किमान 20 मिली तुमचाच द्रव, 60 अंश, 168 तास. तुकडा स्टेनलेसच्या चिमट्याला टेकू देऊ नका, काचेवर किंवा टेफ्लॉनवर ठेवा, कारण त्या संपर्काने बाईंडर आणखी झपाट्याने जातो. शेवटी वजन नव्हे, आडवा छेद घेऊन खोली मोजा. दुसरा संच कॉस्टिकमध्ये, तिसरा हायपोक्लोराइटमध्ये.
नवीन रिंग वायर कटने (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने) कापलेली असेल तर कापलेल्या बाजूंचा थर ग्राइंडिंग-लॅपिंगने काढायला सांगा. पाण्यातल्या विद्युतप्रवाहाने तिथला बाईंडर सीलमध्ये बसण्याआधीच कमी झालेला असू शकतो.